नाशिकमध्ये मोर्चा काढायचाय किंवा जाहीर सभा घ्यायचीय? अर्जापासून निवेदनापर्यंत सगळं

मोर्चाचा अर्ज अडकतो तो मार्गाच्या ओळीपाशी. ‘गोल्फ क्लब ते कलेक्टर ऑफिस’ एवढंच लिहून कागद दिला की पोलीस ठाण्यातून लगेच प्रश्न येतो: कुठून कुठून जाणार? म्हणून अर्ज लिहायच्या आधी मोर्चाच्या वेळेलाच तो मार्ग एकदा पायी चालून या. कुठे रस्ता खणलाय, कुठे रिक्षा थांबतात, कुठे दवाखाना लागतो, सगळं टिपून ठेवा. सिंहस्थाच्या कामांमुळे मागच्या वर्षीचा मार्ग यंदा मोकळा असेलच असं नाही.

मार्ग अर्जात असा उतरवा: ‘बी. डी. भालेकर मैदान – शालिमार – महात्मा गांधी रोड – मेहेर सिग्नल – जिल्हाधिकारी कार्यालय. सुरुवात सकाळी ११, कार्यालयासमोर आगमन १२, समारोप दुपारी १.३०.’ प्रत्येक चौकाचं नाव आणि तिथे पोचायची वेळ लिहिलेली असली की वाहतूक शाखेला बंदोबस्त आखता येतो आणि तुमचा अर्ज पुढे सरकतो.

आता गर्दीचा हिशेब. एमजी रोडवर दुकानांमुळे चारची रांग नीट चालते, त्याहून रुंद केली की माणसं पार्किंगमध्ये घुसतात. दोन रांगांत दीड मीटर अंतर धरलं तर हजार माणसांच्या २५० रांगा होतात आणि मोर्चा पावणेचारशे मीटर लांब पसरतो. घोषणा देत चालणारा मोर्चा ताशी दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे मेहेर सिग्नल सलग अकरा-बारा मिनिटं बंद राहणार. त्याऐवजी दोनशे-दोनशेच्या पाच तुकड्या करा. एक तुकडी सव्वादोन मिनिटांत सिग्नल ओलांडते, मधल्या फटीत बस आणि रुग्णवाहिका निघून जाते. अर्जात ही तुकड्यांची आखणी लिहिलीत तर परवानगीवरची चर्चाच बदलते. संख्या मात्र खरी लिहा. पाचशे लिहून तीन हजार आणले तर बंदोबस्त अपुरा पडतो आणि त्या दिवशी काही घडलं तर अटींचा भंग तुमच्या नावावर चढतो.

अर्ज जिथून मोर्चा सुरू होतो त्या पोलीस ठाण्यात द्यायचा. शहराच्या मध्यभागी भद्रकाली, सरकारवाडा, मुंबई नाका या ठाण्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे हद्द आधी विचारून घ्या. मार्गावरच्या इतर ठाण्यांना, वाहतूक शाखेला आणि पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेला प्रती द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुढे कुठेच किंमत नसते. अर्जात उद्देश, आयोजकांची नावं, पत्ते, मोबाईल क्रमांक, अंदाजे संख्या, गाड्या किती आणि उभ्या कुठे राहणार, ध्वनिक्षेपक कसला आणि कुठे, स्वयंसेवक किती, हे सगळं हवं. मैदान महापालिकेचं असेल तर त्याची परवानगी महापालिकेच्या मुख्यालयातून, म्हणजे राजीव गांधी भवनातून, वेगळी काढावी लागते. पोलिसांची परवानगी मिळाली म्हणजे मैदान मिळालं असं होत नाही, आणि मैदानाचं भाडं भरलं म्हणजे पोलिसांनी होकार दिला असंही नाही. किमान दहा दिवस आधी अर्ज द्या. त्यामागचं कारण पुढे येतंच.

कायदा कोणता, हे नीट समजून घेतलं की घाबरायला होत नाही. राज्यघटनेचं कलम १९(१)(ख) प्रत्येक नागरिकाला शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क देतं. देशाची सार्वभौमता, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आपल्याकडे हे निर्बंध मुख्यतः महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधून येतात. कलम ३३ खाली सभा-मिरवणुकींचे नियम करता येतात, कलम ३६ खाली मार्ग, वेळ, वाद्यं याबद्दल पोलीस सूचना देऊ शकतात, आणि कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो.

या कलम ३७ कडे नीट बघा, कारण शहरात हा आदेश वरचेवर निघतो आणि वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत येऊन जातो. त्याचे दोन भाग आहेत. पोटकलम (१) वस्तू आणि कृतींबद्दल आहे: शस्त्रं, काठ्या-लाठ्या, दगड, स्फोटक पदार्थ, प्रेतांचं किंवा प्रतिमांचं प्रदर्शन, चिथावणीची भाषणं. पोटकलम (३) जमावबंदीचं आहे. तो आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून दर पंधरवड्याला नवा निघालेला दिसतो. आदेश लागू असताना परवानगी घेतलेला मोर्चा निघू शकतो, पण (१) मधली बंदी मोर्चालाही लागू असते.

इथेच साधी माणसं अडकतात. झेंड्याला लावलेला जाड बांबू ही काठीच ठरते. पुतळा जाळणं किंवा प्रतीकात्मक तिरडी नेणं थेट ‘प्रतिमांच्या प्रदर्शनात’ बसतं. झेंड्यासाठी हलकी, पोकळ प्लास्टिकची नळी घ्या, हातभर लांबीची, टोक बोथट. मोर्चा संपला की सगळ्या नळ्या मोजून परत गोळा करा. आदेशाचा भंग झाला तर कलम १३५ खाली गुन्हा नोंदवला जातो.

१ जुलै २०२४ पासून जुनी कलमं बदलली आहेत, तरी बोलताना लोक अजून जुनेच आकडे वापरतात. १४४ म्हणतात ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. बेकायदेशीर जमाव म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १८९, त्यासाठी पाच माणसं पुरतात. कलम १९० जास्त जड आहे: जमावाच्या समान उद्देशातून एकाने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण त्याचा वाटेकरी ठरतो. आदेशाचं उल्लंघन (जुनं १८८) आता २२३, आणि रस्ता अडवणं (जुनं २८३) आता २८५.

मोर्चाच्या आदल्या दिवशी आयोजकांना पोलिसांची नोटीस येते. पूर्वी ती १४९ ची म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. ही आगाऊ ताकीद असते. ती आली म्हणजे परवानगी रद्द झाली असं नव्हे. वाचा, तारीख-वेळ घालून सही करा, प्रत मागून घ्या. सही करायला टाळाटाळ केली तर उगाच संशय वाढतो.

ध्वनिक्षेपकाला वेगळी लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा ६५ आहे, निवासी भागाची ५५. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. नाशिकची मेख नेमकी इथे आहे. जिल्हा न्यायालय कलेक्टर ऑफिसच्या शेजारी आहे आणि गोल्फ क्लबहून निघालात तर त्र्यंबक नाक्यावर सिव्हिल हॉस्पिटल लागतं. म्हणून भाषणं सुरुवातीच्या मैदानातच उरकून घ्या. सिव्हिलच्या कडेने घोषणासुद्धा थांबवा. आत माणसं ऑपरेशनच्या टेबलावर असतात. कलेक्टर ऑफिससमोर तोंडी घोषणा आणि फलक पुरतात.

ही काळजी घेता येते, हे नाशिकहून निघालेल्या मोर्चानेच दाखवलं आहे. ६ मार्च २०१८ ला सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकापासून) निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला. दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांना त्रास नको म्हणून दिवसभर चाललेली माणसं १२ तारखेच्या पहाटेपर्यंत रात्रभर चालून आझाद मैदानात गेली. असा लांबचा मोर्चा असेल तर लक्षात ठेवा: आयुक्तालयाची हद्द संपली की पुढची परवानगी ग्रामीण पोलीस अधीक्षकांची, आणि घाट उतरल्यावर पुढच्या जिल्ह्याची. मुक्कामाच्या प्रत्येक गावाचं नाव अर्जात हवं.

परवानगी नाकारली तर ‘नाही’ हा शब्द कारणांसह लेखी मागा. १९७२ साली अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, याच पोलीस कायद्याखालचा नियम तपासून, सांगितलं की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण त्यांना सरसकट किंवा मनमानीने नकार देता येत नाही. दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: दिल्लीतल्या शाहीन बागेच्या रस्त्यावरील धरणे आंदोलनाच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला त्याच न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. म्हणून पर्यायी मार्ग, पर्यायी वेळ खिशात ठेवूनच पोलिसांशी बोलायला जा. तरीही नकारच आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. नाशिकचं काम मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातं. वकील गाठणं, कागद तयार करणं, सुनावणी मिळणं याला दिवस लागतात. दहा दिवस आधी अर्ज द्या म्हटलं ते यासाठी.

प्रत्यक्ष दिवशी पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा, ठळक पट्ट्यासह. प्रत्येक तुकडीच्या उजव्या बाजूला दोर धरायला चार जण हवेत. डावी बाजू मोर्चाची, उजवी वाहनांची. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की एकच खूण ठरवलेली असू द्या: शिट्टी तीनदा, दोर खाली, सगळे डावीकडे. अनोळखी माणसं तोंड बांधून घुसली किंवा कुणी दगड उचलला तर स्वतः झटापट न करता तुकडी जागच्या जागी खाली बसवा आणि पोलिसांना त्या माणसाकडे बोट दाखवा. बसलेल्या जमावात उभा राहिलेला माणूस लगेच दिसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघांनी चित्रीकरण करत राहावं.

निवेदन द्यायला पाच जणांची नावं आधीच कळवा. निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. शिष्टमंडळ बाहेर आलं की काय बोलणं झालं ते लगेच सांगा, नाहीतर ताटकळलेली माणसं रस्त्यावर सरकू लागतात. परतीच्या गाड्या सीबीएसवर बोलावू नका, मैदानाजवळच उभ्या करा. बाटल्या आणि फलक उचलून झाले की मोर्चा संपल्याची वेळ पोलीस ठाण्याला कळवा आणि ती आपल्या वहीतही लिहून ठेवा.