इंग्लंडला मास्टर्सला निघालात? आधी स्टुडंट्स युनियनचं दार शोधा

जळगाव-धुळ्याकडची मुलं इंग्लंडला मास्टर्सला निघाली की मला फोन येतात. कुकर न्यायचा का, जॅकेट इथून घेऊ की तिथून, हेच प्रश्न. ते सगळं निभतं. मी त्यांना एकच गोष्ट बजावून सांगते: पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात स्टुडंट्स युनियनमध्ये जाऊन या.

आपल्याकडे विद्यार्थी संघटना म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे मोर्चे येतात. मी अमळनेरहून निघाले तेव्हा वडिलांनीही बजावलं होतं, "शिकाले चालनी शे, नेतागिरी नको करजो." पण तिकडच्या युनियनचं रोजचं काम वेगळं असतं. बहुतेक विद्यापीठांत प्रवेश पक्का झाला की तुम्ही आपोआप सदस्य होता, वर्गणी नाही. नको असेल तर बाहेर पडायचा हक्क १९९४च्या शिक्षण कायद्याने दिला आहे. बाहेर मात्र पडू नका.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तिथलं सल्ला केंद्र. सल्ला फुकट, गुप्त, आणि विद्यापीठ प्रशासनापासून स्वतंत्र. माझ्या चोपड्याच्या मैत्रिणीचं डिपॉझिट घरमालकाने घर सोडल्यावर अडवून ठेवलं. कारण काय, तर भिंतीवर डाग! ती पैसे सोडून द्यायला निघाली होती, मी तिला केंद्रात नेलं. तिथल्या बाईंनी करारनामा टेबलावर पसरला, पेन्सिलीने एका कलमाखाली रेघ मारली आणि विचारलं, "डिपॉझिट कोणत्या योजनेत ठेवलंय, त्याचा कागद मिळाला का?" कागद नव्हताच. इंग्लंडमध्ये खासगी घर भाड्याने घेतलं की मालकाने ३० दिवसांत डिपॉझिट सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. नाही केलं तर कोर्ट त्याला एक ते तीन पट रक्कम भरायला लावू शकतं. (मालक त्याच घरात राहत असेल तर हा नियम सहसा लागत नाही.) बाईंनी पत्राचा मसुदा करून दिला, मैत्रिणीने तो पाठवला आणि पैसे परत आले.

घरी कुणी दगावलं आणि असाइनमेंटची मुदत हुकणार असेल, किंवा कॉपीचा आरोप होऊन चौकशीला बोलावलं, तरी आधी इथेच जा. अर्ज भरायला मदत करतात, बऱ्याच ठिकाणी चौकशीला सोबतही येतात. मुदत टळायच्या आत जा, नंतर हात बांधले जातात.

कामाच्या तासांबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सीनियरचं ऐकू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा प्रबंधाचा, म्हणजे तोही सहसा सत्रातच धरला जातो, आणि 'सुट्टी आहे' म्हणून पूर्णवेळ शिफ्ट घेणारे व्हिसा धोक्यात घालतात. व्हिसाबद्दल असा सल्ला द्यायलाही तिथे अधिकृत मान्यता लागते. अशी मान्यता असलेली माणसं युनियनमध्ये नसली तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात असतात. युनियन पत्ता देते.

आता सोसायट्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेली मंडळं. वेलकम वीकमध्ये, म्हणजे वर्ष सुरू होतानाच्या स्वागताच्या आठवड्यात, त्यांची टेबलं मांडलेली असतात, काही पौंडांत सदस्यत्व मिळतं. दिसेल तिथे पैसे भरू नका, आधी फुकटची ओळखसत्रं असतात, तिथे बसून बघा. इंडियन सोसायटी घ्याच, दिवाळीला एकटं वाटत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या विषयाची सोसायटी घ्या, कारण तिथे वरच्या वर्गातले, पीएचडीवाले भेटतात आणि कुठली कंपनी केव्हा घेते हे त्यांच्याकडून कळतं.

आणि जमलं तर समितीत एखादं पद घ्या. मी खजिनदार होते. खाद्यमेळ्यात आम्ही भरीत केलं. बामणोदची हिरवी वांगी कुठली मिळायला, सुपरमार्केटातली जाड जांभळी घेतली, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळाऐवजी ओव्हनच्या ग्रिलखाली भाजली आणि पातीचा कांदा, मिरची, शेंगदाणे घालून ठेचली. त्याआधी जोखमीचा फॉर्म, अन्नस्वच्छतेचं प्रशिक्षण, युनियनकडे खर्चाचा अंदाज, एकेका पावतीचा हिशेब. नोकरीच्या मुलाखतीत "पैसे सांभाळून, लोक जमवून काही केलंय का?" असं विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलणं झालं.

निवडणूक लढवायची असेल तर वर्ग-प्रतिनिधीपासून सुरुवात करा, त्या जागा वर्ष सुरू होतानाच भरतात. मास्टर्स एका वर्षाचं, ख्रिसमसनंतर जाग आली तर अर्धं वर्ष गेलेलं असतं.

म्हणून तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या ईमेलमधल्या वेलकम वीकच्या तारखा बघा. तो सप्टेंबरात असतो, आणि गणपतीही पुष्कळदा त्याच सुमारास. घरचे म्हणतील, विसर्जन करून जा. त्यांना तारखा दाखवा आणि आधी निघा.