गरोदरपणातले कपडे: काय घ्यायचं, काय उसवायचं, काय मागून आणायचं

दिवस गेल्याचं कळलं की कपड्यांच्या बाबतीत पहिली चूक ठरलेली असते: एकदम नवव्या महिन्याचा विचार करून दोन मापं मोठे कपडे आणले जातात. ते चौथ्या महिन्यात खांद्यावरून ओघळतात आणि आठव्या महिन्यात पोटावर तरीही ताणलेले असतात. अंग काही सगळीकडून सारखं भरत नाही. खांदे आणि हातांची लांबी जशीच्या तशी राहते. सगळ्यात आधी छाती भरते, मग बरगड्यांचा घेर वाढतो, कंबर नाहीशी होते, पोट पुढे येतं आणि शेवटी शेवटी पावलं सुजतात. यादी त्याच क्रमाने करा. एका वेळी फार तर पुढच्या ६ ते ८ आठवड्यांचं बघा.

खरेदीच्या आधी एक दुपार कपाटासाठी काढा. कमरेला नाडी किंवा रुंद इलास्टिक असलेलं, छातीखाली जोड देऊन पुढे घेर सोडलेलं, बाजूंना कट असलेलं, समोर बटणं असलेलं, ताणल्यावर परत जागेवर येणाऱ्या होजिअरीच्या कापडाचं, असं जे जे असेल ते एका बाजूला ठेवा. घरातल्या कुणाचे मोठ्या मापाचे शर्ट असतील तर तेही मागून घ्या. कमरेत बेतलेले कपडे मात्र पिशवीत बांधून वरच्या फळीवर टाका. रोज सकाळी न होणारी पँट समोर दिसली की मन उगीच खट्टू होतं, आणि त्या दिवसांत ते कुणालाच नको असतं. बाजूला काढलेला प्रत्येक कपडा घालून खुर्चीत पाच मिनिटं बसा, वाका, हात वर करा. आरशासमोर उभं राहिल्यावर ठीक वाटणारा कपडा बसल्यावर पोटाशी काचतो, आणि दिवसाचा बराचसा वेळ आपण बसूनच असतो.

पहिल्या १२ आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं, त्यामुळे बाहेरून पोट असं दिसत नाही. तरी पँटचं बटण लागेनासं होतं, कारण पचन मंदावतं आणि पोट फुगतं. एवढ्यावरून नवी पँट घेऊ नका. केसांचं जाडसर रबर काजातून ओवा, त्याचं एक टोक दुसऱ्यातून काढून काजाशी घट्ट बसवा आणि मोकळा राहिलेला फास बटणाला अडकवा. चार बोटं जागा मिळते. वरून लांब कुर्ता किंवा शर्ट आला की कुणाला कळत नाही. साधारण २० आठवड्यांना गर्भाशय बेंबीच्या पातळीला येतं. तोवर बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. दुसरेपणी पोटाचे स्नायू आधीच सैलावलेले असतात, पोट लवकर दिसतं आणि हा काळही आखूड होतो.

आता जिथे हात आखडता घेऊ नये त्या गोष्टी. पहिली ब्रा. छाती पहिल्या तीन महिन्यांतच भरायला लागते, दुखरी असते, आणि जुनी ब्रा रेटून वापरली तर दिवसभर त्रास होतो. फक्त पाठीची पट्टी आवळत असेल तर हुकांना जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती लावून काही आठवडे निघतात. कपातून वरून किंवा बगलेकडून अंग बाहेर यायला लागलं की मात्र नवी घ्याच. तारेची नको, रुंद पट्ट्यांची आणि सुती अस्तराची घ्या. एरवी नवी ब्रा शेवटच्या सैल हुकावर बसते का ते आपण बघतो. या वेळी उलटं करा: सगळ्यात आतल्या, घट्ट हुकावर व्यवस्थित बसेल अशी घ्या, म्हणजे बरगड्या रुंदावतील तसं एकेक हुक बाहेर सरकता येईल. एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत, अशा तीन पुरतात. अंगावर पाजायची ब्रा आधीपासून आणून ठेवायची घाई नको. ३६व्या आठवड्याच्या आसपास माप घेऊन दोनच घ्या, ताणणाऱ्या कपाच्या, आणि त्या सैल हुकावर बसणाऱ्या, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर उतरत जातो. दूध उतरलं की छाती पुन्हा बदलते, उरलेल्या तेव्हाच्या मापाने.

दुसरी गोष्ट निकर. या काळात पांढरा स्राव वाढतो, घामही जास्त येतो. त्यामुळे सुती, अंगाला न आवळणाऱ्या आणि दिवसातून दोनदा बदलता येतील इतक्या हव्यात. काहींना पोटाखाली बसणारी बरी वाटते, काहींना पोटावरून पूर्ण वर जाणारी. दोन्हींतली एकेक आणून आठवडाभर वापरा आणि मग ठरवा. सांगणाऱ्या बायका आपापल्या पोटावरून सांगत असतात.

तिसरी गोष्ट कमरेखालचा कपडा, आणि पैसे खर्चच करायचे तर ते इथे करा. वरचा कपडा सैल असला की भागतं, खालचा एकतर घसरतो नाहीतर काचतो. पोटासाठी रुंद विणीची पट्टी जोडलेली एक चांगली पँट आणि दोन लेगिंग्ज एवढ्यावर शेवटचे चार महिने निघतात. माप आपलं नेहमीचंच घ्या, कारण हे कपडे पोटाची जागा धरूनच बेतलेले असतात. आणल्यावर पहिल्या संध्याकाळी कपडा उतरवून पोटाकडे आणि कमरेकडे बघा. इलास्टिकची पुसट रेघ असेल आणि थोड्या वेळात ती जात असेल तर ठीक. वळ उठलेला असेल, हात फिरवल्यावर खाचेसारखा लागत असेल आणि झोपेपर्यंत तसाच राहत असेल, तर तो कपडा परत करा.

जुन्या सलवारी आणि पायजमे तर हातचे आहेत. नेफ्याची टीप एका बाजूला दोन बोटं उसवा, आतलं काचणारं इलास्टिक काढा आणि तिथे सपाट, मऊ नाडी ओवा. गाठ मधोमध पोटावर येऊ देऊ नका, कुशीवर घ्या. मधल्या गाठीवर पोट टेकलं की बसल्यावर ती रुततेच.

कुर्त्यांचं एक सांगते. माझा सगळ्यात आवडता निळा कुर्ता पाचव्या महिन्यात होईना, आणि अडला तो पोटावर नाही, मुंढ्यात. छाती भरल्यामुळे बगलेशी कापड ओढलं जात होतं. आतून बघितलं तर दोन्ही बाजूंना बोटभर कापड शिलाईत सोडलेलं होतं. जुनी टीप बगलेपासून कटापर्यंत उसवली आणि कडेने नवी घातली. दोन महिन्यांनी तोच कुर्ता पोटावर अडला, तेव्हा दोन्ही कुशींना छातीखालून सुरू होणारी तिकोनी कळी जोडली. कळीचं कापड जुन्या ओढणीचं, रंगही वेगळाच, पण तसंच बेतल्यासारखं दिसलं. बाळंतपणानंतर कळ्या काढून मूळ शिलाई परत घातली. अशी सोय करण्यासारखे दोनतीन कुर्ते प्रत्येकीच्या कपाटात सापडतात. बाहेर शिवायला टाकणार असाल तर घेर भरपूर ठेवायला सांगालच, पण पुढची बाजू मागच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवायलाही सांगा. पोट वाढतं तसा पुढचा काठ वर उचलला जातो आणि सरळ बेतलेला कुर्ता पुढून आखूड दिसायला लागतो.

रोज बाहेर पडावं लागणाऱ्या बाईला खालचे तीन आणि एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांचे वरचे पाच कपडे म्हणजे पंधरा जोड्या होतात. शेवटचे चार महिने एवढं खरोखर पुरतं. घरात आणि रात्रीसाठी दोन गाऊन, समोर बटणं किंवा चेन असलेलेच, कारण पुढे बाळाला पाजताना तेच लागतात. शरीरातलं रक्त या काळात ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि एरवी थंडी वाजणाऱ्या बाईलाही उकडायला लागतं. म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ घाला, म्हणजे वरचा काढता येईल. कोट किंवा जॅकेट नवं घ्यायची गरज नाही, आहे ते पुढून उघडं ठेवा आणि आत एक पदर वाढवा. पायघोळ कपडे आणि लोंबणाऱ्या ओढण्या शेवटच्या तीन महिन्यांत जिन्यावर नकोतच. पोटामुळे पायाखालची पायरी दिसत नाही.

समारंभाचा कपडा विकत घेऊ नका, मागून आणा. एकदा किंवा दोनदा घातला जातो. खरं तर वरचे कपडेही मागून आणायला संकोच नको. कुणाच्याच अंगावर ते चारपाच महिन्यांहून जास्त राहत नाहीत, त्यामुळे विटलेले नसतात. कुणाकडून काय आणलं ते आतल्या शिलाईवर रंगीत दोऱ्याच्या दोन टाक्यांनी खूण करून ठेवा, परत करताना घोळ होत नाही. ब्रा, निकर आणि चपला मात्र आपल्याच हव्यात.

चपला संध्याकाळी घ्यायला जा, पाय सुजलेले असतात तेव्हा. मागे पट्टा असावा, तळ न घसरणारा आणि टाच दोनतीन सेंटिमीटरची. अगदी सपाट तळाची चप्पल कमानीला आधार देत नाही. वाकून लावावं लागणारं काही नको. बोटातली अंगठी सहज निघते आहे तोवरच काढून ठेवा. सूज येऊ नये म्हणून लागणारे आवळ मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच वापरा, आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवा. चेहरा आणि हात अचानक सुजले, सोबत डोकं दुखतंय किंवा डोळ्यांपुढे चमकतंय असं झालं, तर मोठी चप्पल शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तपासणीच्या दिवसासाठी एक जोड ठरवून ठेवा: वरचा आणि खालचा कपडा वेगळा, आणि बाही दंडापर्यंत सहज वर जाणारी. सोनोग्राफीला फक्त पोट उघडं करावं लागतं. एकसंध झगा घातला असेल तर तो खालपासून वर गुंडाळत न्यावा लागतो आणि फार अवघडल्यासारखं होतं. तंग बाहीत रक्तदाबाचा पट्टा बसत नाही.

३६व्या आठवड्यात दवाखान्याची पिशवी भरताना त्यात समोरून उघडणारे दोन गाऊन, पाजायच्या दोन ब्रा, मोजे, आणि बेंबीच्या वर जाणाऱ्या, गडद रंगाच्या, एक माप मोठ्या पाचसहा निकर टाका. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्तस्राव होतो, मोठे पॅड धरून ठेवणारी निकर लागते, आणि सिझेरियन झालंच तर इलास्टिक टाक्यांवर येता कामा नये. घरी येताना घालायचा कपडाही त्यातच. इथे पुष्कळ जणी जुना, कमरेत बेतलेला कपडा ठेवतात आणि ऐन वेळी तो अंगात जात नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. बाळ झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट सहाव्या महिन्यात होतं तेवढं दिसतं, आणि ते तसंच असतं. म्हणून सहाव्या महिन्यात ज्या कपड्यात बरं वाटत होतं, समोर बटणं असलेला, तो सातव्यात होईनासा झाला की धुऊन, घडी घालून थेट पिशवीच्या तळाशी ठेवून द्या.