ई85 वर टर्बो इंजिन ट्यून करणाऱ्या नवख्यांसाठी

पेट्रोलवर शिकलेल्यांच्या हाताला एक सवय असते: टायमिंग (ठिणगी किती अंश आधी टाकायची ते) वाढवत जायचं, नॉक (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) आला की दोन अंश मागे. ई85 वर, म्हणजे 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आणि बाकी पेट्रोल असलेल्या इंधनावर, हीच सवय इंजिन फोडते.

पेट्रोलवर बूस्टखाली (टर्बोने हवा दाबून भरत असताना) टॉर्क शिखराला पोचायच्या आधीच नॉक येतो, म्हणजे थांबवणारं कुणीतरी असतं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, बाष्पीभवनात ते उष्णताही भरपूर खेचतं, त्यामुळे शिखर ओलांडलं तरी नॉक सेन्सर गप्पच. त्यापुढे टायमिंग वाढवलं की टॉर्क मिळत नाही, सिलिंडरमधला दाब मात्र वाढत राहतो. पिस्टन वर असतानाच दाब शिगेला पोचतो आणि तो कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केटवर जातो. लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) स्वच्छ दिसतो, रॉड वाकलेला असतो.

म्हणून डायनोवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) लोड धरून, एकाच आरपीएमला, बूस्ट आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) स्थिर ठेवून एकेक अंश वाढवा. समजा 15 अंशांना 410 न्यूटन मीटर, 16 ला 418, 17 ला 420, 18 लाही 420. 16 नंतर फारसं काही मिळत नाही, मग 16 ठेवा. ट्रॅकसाठी तर 16 च ठेवा, कारण तिथे वीस मिनिटं सलग तापायचं असतं. दर वेळी इनटेकचं तापमान सारखं आहे ना, ते बघा. नाहीतर आकडे फसवतात. टायमिंगचं पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण विकतच्या तयार मॅपमध्ये (इंधन-टायमिंगच्या तक्त्यांमध्ये) सगळ्यात आधी तेच बिघडलेलं सापडतं. दुसऱ्याच्या इंजिनाचा टायमिंग टेबल उचलू नका. "नॉक नाही ना, मग वाढव" म्हणणारा गुरू असेल, तर गुरू बदला.

इंधनाचं गणित मात्र सोपं आहे, घाबरू नका. स्टॉइक प्रमाण (इंधन पुरतं जळायला लागणारी हवा, वजनाने) पेट्रोलला 14.7, ई85 ला साधारण 9.8, म्हणजे त्याच लॅम्डाला आकारमानाने सुमारे 40 टक्के जास्त इंधन. इंजेक्टरची ड्युटी सायकल (तो उघडा राहण्याचा वेळेतला वाटा) 85 टक्क्यांच्या आत ठेवा. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर) एएफआर, म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचा आकडा, वाचू नका, लॅम्डाच वाचा. बूस्टखाली 0.80 ते 0.82 पासून सुरुवात ठीक.

पंपावरच्या ई85 मधलं इथेनॉल ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) लावाच. नेहमीचा सेन्सर 50 हर्ट्झला शून्य आणि 150 ला शंभर टक्के दाखवतो. तो बंद पडला तर? इंधन शेवटच्या खात्रीच्या टक्केवारीवर राहू द्या. टायमिंग आणि बूस्ट तेवढे पेट्रोलच्या पातळीवर उतरवा. इंधन आणि टायमिंग दोन्ही एकदम पेट्रोलच्या मॅपवर टाकले तर टाकीत ई85 असताना मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं.

ट्रॅकवर फ्युएल प्रेशर लॉग केल्याशिवाय उतरू नका. रेलचा (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीचा) दाब वजा इनटेक मॅनिफोल्डचा दाब, हा फरक सगळीकडे सारखा हवा. लांब वळणात तो पडत असेल तर टाकीत इंधन बाजूला सरतंय. ते मॅपमध्ये दुरुस्त होत नाही, सर्ज टँक (पंपाला सतत इंधन देणारी छोटी जादा टाकी) लागतो. तोवर ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) कट लावा: बूस्टखाली फरक अर्धा बार पडला की इंजिनाची ताकद कापायची. थंड इंजिनात इथेनॉल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल पुरतं तापेपर्यंत बूस्ट देऊ नका आणि ऑइल पेट्रोलवर बदलता त्यापेक्षा लवकर बदला.