ऑटिझम संशोधनासाठी सरकारी अनुदान मागताना

अर्जात नुसतं ‘नावीन्यपूर्ण’ लिहून भागत नाही. आजवर काय जमत नव्हतं आणि तुमच्या पद्धतीने ते कसं जमेल, हे पहिल्याच पानावर सांगा. नवी कल्पना म्हटली की परीक्षकांना आधी धोका दिसतो, म्हणून छोटी का होईना, प्राथमिक चाचणी जोडा. ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या तपासणीची) टोपी १० पैकी किती मुलांनी डोक्यावर राहू दिली, किती मिनिटं, हा आकडासुद्धा मोलाचा असतो. निदानाचे निकष नेमके लिहा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदान उरलं नाही, ते ऑटिझममध्येच धरलं गेलं; तेव्हा जुन्या अभ्यासांशी तुलना जपून करा. मुली आणि न बोलणारी मुलं नमुन्यातून सुटू देऊ नका. ऑटिस्टिक व्यक्तींना आराखडा ठरवतानाच सोबत घ्या, आणि त्यांचं मानधन अंदाजपत्रकात धरा.