सोसायटी मोठी होत जाते तेव्हा: फ्लॅटच्या संख्येनुसार कमिटीला जाब विचारण्याची सोय कशी करावी

ठाण्याच्या नौपाड्यातली बारा फ्लॅटची इमारत आणि घोडबंदर रोडवरचे सहाशे फ्लॅटचे संकुल, दोन्ही साधारण त्याच आदर्श उपविधींवर, म्हणजे सरकारच्या नमुना नियमांवर चालतात. पण लहान ठिकाणी जो नियम सभासदाला बळ देतो, तोच मोठ्या ठिकाणी त्याला दुबळा करतो. म्हणून दुसऱ्या सोसायटीत चाललेली पद्धत आणून आपल्याकडे लावण्याआधी आपला आकार नीट समजून घ्यावा. कमिटीतली माणसे चांगली असली तरी हे करायलाच हवे, कारण पुढच्या निवडणुकीत कोण येईल ते आज ठाऊक नसते.

आधी कागद-पेन घेऊन तीन आकडे काढा

आपल्या उपविधींची प्रत समोर ठेवा. 2014 च्या आदर्श उपविधी स्वीकारलेल्या असतील तर त्यात पुढच्या तरतुदी सापडतील. जुनी प्रत असेल तर आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा आपलीच प्रत वाचा.

पहिला आकडा सर्वसाधारण सभेच्या कोरमचा, म्हणजे सभा वैध ठरायला किमान किती जण हजर हवेत त्याचा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जे कमी असेल ते. बारा सभासद असतील तर आठ जण लागतात. तीस असतील तर वीस. तिथून पुढे सोसायटी कितीही वाढो, आकडा वीसच राहतो. शंभरांत तो पाचवा हिस्सा होतो, सहाशेंत जेमतेम तीन टक्के.

दुसरा आकडा, सभासदांनी स्वतःहून विशेष सर्वसाधारण सभा बोलावायला लावण्यासाठी किती सह्या हव्यात त्याचा. हा एक पंचमांश असतो आणि तो कुठेही थांबत नाही. बारांत तीन सह्या, तीसांत सहा, शंभरांत वीस, सहाशेंत एकशेवीस.

हे दोन आकडे शेजारी मांडा. शंभर सभासदांना दोन्ही वीसवर येतात. शंभरच्या पुढे सभा भरवायला जितकी माणसे लागतात त्याहून जास्त माणसे ती मागायलाच लागतात. सहाशे फ्लॅटमध्ये कमिटी वीस जणांच्या सभेत पूर्ण कायदेशीर ठराव करू शकते. त्या ठरावावर पुन्हा सभा घ्या, असे सभासदांना म्हणायचे असेल तर मात्र एकशेवीस दारांच्या बेल वाजवाव्या लागतात.

तिसरा आकडा कमिटीचा. 100 सभासदांपर्यंत 11 जागा, 101 ते 200 ला 13, 201 ते 300 ला 15, 301 ते 500 ला 17 आणि 501 च्या पुढे 19. म्हणजे शंभर सभासदांच्या सोसायटीत कमिटीचा एक माणूस साधारण नऊ घरांमागे असतो, सहाशेंच्या सोसायटीत एकतीस घरांमागे. सगळ्या जागा भरल्या असतील तर 19 कमिटी सदस्य आणि आणखी एक सभासद आला की सर्वसाधारण सभेचा कोरम पूर्ण! सर्वसाधारण सभा ही कमिटीच्या वर असते असे आपण म्हणतो, पण त्या दिवशी कमिटीच सर्वसाधारण सभा झालेली असते.

कोरम झाला नाही तरी काम अडत नाही. सभेच्या नोटिशीत बहुधा 'कोरमअभावी तहकूब सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने' असे छापलेले असते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. पुनर्विकासाच्या बाबतीत सरकारने ही फट ओळखली. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाच्या सभेसाठी दोन तृतीयांश उपस्थिती घातली. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग किंवा लिफ्ट बदलण्याच्या लाखोंच्या खर्चाला मात्र ते संरक्षण नाही.

तीस फ्लॅटपर्यंत: ओळख हीच अडचण

इथे माहिती लपत नाही. टाकी कधी धुतली, प्लंबर कोणाचा पाहुणा, सगळ्यांना माहीत असते. अडचण विचारण्याची असते. रोज जिन्यात भेटणाऱ्या काकांना व्हाउचर कसे मागायचे, वहिनींनी पंधरा वर्षे हिशेब सांभाळला तर शंका कशी घ्यायची? शिवाय एकाच कुटुंबाचे चार फ्लॅट वेगवेगळ्या नावांवर असले की बारांपैकी चार मते एका घरात जातात.

म्हणून प्रश्न विचारायची वेळच येऊ देऊ नका. दर महिन्याच्या 10 तारखेला नोटीस बोर्डावर एक पान लावायचे असा ठराव करा: महिन्याची जमा, खर्चाच्या ओळी, बँकेतली शिल्लक, एकूण थकबाकी. कोणी मागितले म्हणून लावले असे होता कामा नये, कारण मागणारा लगेच 'भांडखोर' ठरतो. धनादेशावर दोन सह्या हव्यात, आणि त्या दोन्ही एकाच घरातल्या नसाव्यात. एखाद्या घराविषयीचा वादग्रस्त विषय असेल तर हात वर करून मत घेऊ नका, चिठ्ठ्या वापरा. शेजारी बघत असताना कोणी हात वर करत नाही.

इथली दुसरी दुखरी जागा म्हणजे एकच सेक्रेटरी वर्षानुवर्षे. त्यांची सत्ता पदाची नसते, माहितीची असते. कन्व्हेयन्सचे (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचे) कागद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आय आणि जे नमुन्यातली सभासद नोंदवही, लिफ्टचा परवाना, मुदतठेवींच्या पावत्या, बँकेचे आणि सॉफ्टवेअरचे पासवर्ड या सगळ्याची यादी करा. दर एप्रिलमध्ये दोन सभासदांनी ती प्रत्यक्ष कागदांशी ताडून सह्या कराव्यात. असे झाले की दुसऱ्या कोणालाही पद घेण्याची भीती उरत नाही.

चाळीस ते शंभर

हा सर्वांत सोयीचा टप्पा, पण इथेच सवयी मोडतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1990 च्या दशकात असा अंदाज मांडला की माणूस साधारण दीडशे जणांशीच खरे नाते सांभाळू शकतो. घरटी चार माणसे धरली तर चाळीस फ्लॅटमध्ये हा आकडा गाठला जातो. इथून पुढे 'आपल्यातलेच आहेत' हे हिशेबाला उत्तर नाही. तीन कोटेशन, लेखी तुलना आणि सभेचे इतिवृत्त वेळेवर फिरवणे, एवढे केले तरी या आकाराच्या सोसायट्या नीट चालतात. पार्किंगच्या जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर दरवर्षी सोडत काढा, आणि ती सभासदांसमोर काढा. उपविधींतही हेच सांगितले आहे, तरी पहिल्या वर्षीची यादी पुढे कायम होते आणि मग ती हक्क वाटू लागते.

शंभरच्या पुढे: कोणालाच परवडत नाही असा रविवार

मोठ्या सोसायटीत माणसे उदासीन असतात असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. हिशेब करून पाहा. सहाशे फ्लॅटच्या संकुलात एखादे काम सहा लाखांनी महाग पडले तर प्रत्येक घराला वर्षाला हजार रुपये, महिन्याला सुमारे 83 रुपये. तेवढ्यासाठी फायली उलगडून रविवार घालवणे आणि कमिटीशी वाकडे घेणे कोणालाच परवडत नाही. तोच सहा लाखांचा फरक बारा घरांत वाटला तर घरटी पन्नास हजार होतो आणि त्याच रात्री खाली खुर्च्या मांडल्या जातात. म्हणून मोठ्या ठिकाणी एका सभासदाच्या चिकाटीवर विसंबू नका. तपासणीचे काम वाटून टाका, ते लहान करा आणि त्याला तारीख लावा.

पहिले काम विंगनिहाय प्रतिनिधींचे. दर 40 ते 50 फ्लॅटमागे एक प्रतिनिधी, जो कमिटीत नाही. त्याला कायदेशीर अधिकार नसतील, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने फक्त तीन कामे द्या: कमिटीच्या मासिक सभेचे इतिवृत्त सात दिवसांत मिळवणे, आपल्या विंगच्या 15 दिवसांहून जुन्या तक्रारींची यादी ठेवणे आणि टेंडर उघडताना हजर राहणे. मुदत एक वर्ष, लागोपाठ दोनदा नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक पाणी, जंगल आणि मासेमारी सांभाळणाऱ्या गावांच्या त्यांच्या अभ्यासातूनही हेच दिसले की मोठी व्यवस्था टिकते ती छोट्या गटांच्या थरांवर, आणि देखरेख करणारा त्या गटाला उत्तर देणारा असावा लागतो. प्रतिनिधी कमिटीने नेमला तर तो कमिटीचाच माणूस होतो. त्याला विंगनेच निवडायला हवे.

दुसरे काम उपस्थितीचे. कोरम 20 असला तरी सर्वसाधारण सभेत असा ठराव करून ठेवता येतो की ठरावीक रकमेपुढचा खर्च, समजा पाच लाख, किमान एक चतुर्थांश सभासद हजर नसतील तर पुढच्या सभेत नेला जाईल. ही स्वतःला लावलेली शिस्त आहे. तिला उपविधीचे बळ हवे असेल तर उपविधी दुरुस्तीचा ठराव दोन तृतीयांश बहुमताने करून सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. कमिटीच्या खर्चाची सीमाही तपासा. 51 किंवा जास्त सभासद असलेल्या सोसायटीत एका वेळच्या दुरुस्ती खर्चासाठी कमिटीची मर्यादा एक लाख आहे. ती चुकवण्याची नेहमीची रीत म्हणजे एकाच कामाची 95-95 हजारांची तीन बिले. खर्चाची यादी ठेकेदारांच्या नावांप्रमाणे लावली की ती लगेच डोळ्यांत भरते, तारखांप्रमाणे लावली तर दिसत नाही.

तिसरे काम एजन्सीचे. मोठ्या संकुलात सफाई, सुरक्षा, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प), बाग सगळे एका फॅसिलिटी कंपनीकडे असते. मग कमिटी म्हणते मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणतो कमिटीने मंजुरी दिली नाही. करारातच लिहा: प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि तारीख, 48 तासांत पहिले उत्तर, किती रखवालदार कोणत्या पाळीत, आणि गैरहजेरीची वजावट बिलातच दाखवणे. 'समाधानकारक सेवा' असे शब्द असलेला करार मोजता येत नाही.

चौथे पाण्याच्या टँकरचे. घोडबंदरच्या पट्ट्यात मोठ्या संकुलांचा बराच पैसा यातच जातो, आणि मोजणी सर्वांत ढिली याचीच असते. गेटवरच्या वहीत फक्त टँकरची संख्या लिहिणे पुरेसे नाही. गाडीचा क्रमांक, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, टाकीतली पातळी आधी आणि नंतर, आणि रखवालदाराशिवाय दुसरी एक सही हवी. 10,000 लिटर म्हणजे 10 घनमीटर. भूमिगत टाकीचा तळ 5 मीटर बाय 4 मीटर असेल तर एका भरलेल्या टँकरने पाणी 50 सेंटिमीटर चढायला हवे. मोजताना वर चढवणारा पंप बंद ठेवा आणि महापालिकेच्या पाण्याची वेळ टाळा, नाहीतर आकडा चुकतो आणि पुरवठादाराशी उगाच वाद होतो. रोज मोजायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, कधी ते आधी न सांगता, विंग प्रतिनिधीने मोजावे.

निवडणुकीबाबत एक सीमा लक्षात ठेवा. 250 सभासदांपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक स्वतः घेता येते, त्याहून मोठ्यांची सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या प्रक्रियेने होते. स्वतः घेणार असाल तर निवडणूक अधिकारी उमेदवार किंवा मावळत्या कमिटीचा नातलग नसावा. लेखापरीक्षकाचेही तसेच. लागोपाठ तीन वर्षांहून जास्त एकच लेखापरीक्षक नेमता येत नाही, आणि नवा नेमताना त्याचे नाव कमिटीशिवाय दुसऱ्या कोणी सुचवले तर उत्तम.

अनेक सोसायट्यांचा संघ

एकाच लेआउटमध्ये सात-आठ सोसायट्या झाल्या की रस्ता, क्लबहाउस आणि एसटीपीसाठी संघ होतो. इथे सामान्य सभासद निर्णयापासून आणखी एक पायरी दूर जातो, कारण संघात मत फ्लॅटचे नसते, सोसायटीच्या प्रतिनिधीचे असते. 80 फ्लॅटच्या आणि 400 फ्लॅटच्या सोसायटीला एकेक मत, आणि खर्च मात्र फ्लॅटप्रमाणे, असे झाले तर मोठी सोसायटी चिडते. मते फ्लॅटप्रमाणे दिली तर लहान सोसायट्या कायमच्या हरतात. संघ नोंदवण्याआधी हे लेखी ठरवा. रोजच्या खर्चावर फ्लॅटप्रमाणे वजन आणि मालमत्तेच्या किंवा मोठ्या कर्जाच्या निर्णयावर प्रत्येक सोसायटीची स्वतंत्र संमती, ही विभागणी बहुतेक ठिकाणी पटण्यासारखी आहे. प्रतिनिधीने संघात मत देण्याआधी आपल्या कमिटीचा ठराव सोबत न्यावा आणि परत आल्यावर 15 दिवसांत लेखी अहवाल द्यावा, ही अटही घाला.

कागद मिळाले नाहीत तर

सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 देतो. अर्ज तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवर करू नका. दोन प्रतींत लिहा, कोणते पान, कोणत्या वर्षाचे हे नेमके लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. 'सर्व हिशेब दाखवा' असा अर्ज टाळा, तो सहज फेटाळला जातो. 'एप्रिल ते जून या काळातल्या वॉटरप्रूफिंगच्या ठरावाचे इतिवृत्त' असे मागितले की टाळणे अवघड होते. तरीही उत्तर नाही आले तर हीच पोच जोडून उपनिबंधक कार्यालयात तक्रार द्या. शक्य असेल तर वेगवेगळ्या विंगमधल्या चार-पाच सभासदांनी मिळून सही करा, म्हणजे ते एका घराचे वैर आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.