युद्धकवितेत सैनिकाची भीती कशी शोधावी : ओवेनच्या दोन कविता

युद्धकवितेवर उत्तर लिहायला बसलेला विद्यार्थी आधी ‘भीती’च्या अर्थाचे शब्द शोधतो, आणि हाती फारसे लागत नाही. नाट्यशास्त्राने हे केव्हाच सांगून ठेवले आहे: भाव दिसतो तो कंप, स्वेद, स्वरभंग यांतून. कवितेलाही शरीर असते. ओळीची लांबी, आघात (उच्चारात जोर पडणारी अक्षरे), यती (ओळीतला विराम), यमक हे तिचे अवयव. ते कुठे थरथरतात, हे शोधायचे.

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ घ्या. 28 ओळी, कडवी 8, 6, 2 आणि 12 ओळींची. अर्थाकडे वळण्याआधी दोनदा मोठ्याने वाचा. वाचताना जिथे थांबावे लागते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. कवितेची नेहमीची चाल आधी कानात बसली पाहिजे, कारण चाल माहीत नसेल तर ती मोडलेली कळणार कशी? इथे साधारण पाच आघातांची ओळ आहे आणि यमक एकाआड एक. पहिल्या आठ ओळींत रेघा ओळीच्या मध्येच पडतात. थकलेली, लंगडणारी माणसे चालताहेत, आणि ओळही तशीच अडखळते.

मग विषारी वायूचा हल्ला होतो, ती नववी ओळ: ‘गॅस! गॅस! क्विक, बॉइज!’ (गॅस! गॅस! पटकन, पोरांनो!) चार एकाक्षरी शब्द आणि चारही आघातांचे. एवढा वेळ रेंगाळणारी ओळ एकदम दचकते. मूळ छपाईत दुसरा ‘गॅस’ सगळा मोठ्या अक्षरांत आहे. देवनागरीत ही सोय नाही, म्हणून मूळ प्रत जवळ हवीच. पहिला उच्चार म्हणजे लक्षात येणे, दुसरा म्हणजे किंचाळणे. पुढे ‘फंबलिंग’, ‘स्टंबलिंग’, ‘ड्राउनिंग’ अशी ‘-इंग’ची रूपे येत राहतात. मराठीत ‘धडपडत, अडखळत, बुडत’ म्हणताना क्रिया जशी संपत नाही, तशीच ही संपत नाहीत.

या कवितेतली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र यमकात आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दुसरे कडवे ‘लाइट’ आणि ‘ड्राउनिंग’वर थांबते, पण त्या कडव्यात या दोन्ही शब्दांना जोडीदार नाही. जोडीदार भेटतात ते मधल्या दोन ओळींच्या सुट्या कडव्यात: ‘साइट’ (नजर), आणि पुन्हा तोच ‘ड्राउनिंग’. दुसरा शब्दच सापडत नाही, तोच परत येतो. दरम्यान काळही बदललेला असतो. गॅसहल्ला भूतकाळात होता, ही दोन ओळींची स्वप्ने वर्तमानकाळात आहेत. म्हणजे घटना संपली तरी यमक पुरे व्हायला स्वप्नात जावे लागते. 1917 मध्ये ओवेन एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ‘शेल शॉक’वर (युद्धाच्या धक्क्याने होणाऱ्या मानसिक आजारावर) उपचार घेत होता. चरित्रातला हा तपशील इथे कामाचा आहे. 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, तो मारला गेला. हे कितीही हेलावणारे असले तरी कवितेतल्या भीतीचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

एक चूक वारंवार होते. याच कवितेच्या दुसऱ्या कडव्यात ‘हिरवा समुद्र’ दिसला की हिरवा म्हणजे निसर्ग किंवा मत्सर असे लिहून मोकळे होतात. हा हिरवा प्रकाश गॅसपासून बचावाच्या मुखवट्याच्या धूसर काचांतून दिसतो. आणि ‘बुडणे’ ही निव्वळ उपमाही नाही: क्लोरीन किंवा फॉस्जीनने फुप्फुसांत पाणी साचते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

भीतीचा दुसरा प्रकार, वाट पाहण्याचा, ओवेनच्याच ‘एक्स्पोझर’ या कवितेत आहे. तिथे पाच-पाच ओळींची आठ कडवी आहेत आणि पाचवी ओळ आखूड. ‘बट नथिंग हॅपन्स’ (पण काहीच घडत नाही) हे पालुपद चारदा येते. लांबलचक ओळींनी ताण वाढवायचा आणि शेवटी काहीच द्यायचे नाही, ही त्याची रीत. यमकही मुद्दाम चुकवलेले आहे: ‘नाइव्ह अस’ आणि ‘नर्व्हस’, ‘सायलेंट’ आणि ‘सेलियंट’. व्यंजने जुळतात, स्वर निसटतात. कान जुळणीची वाट पाहतो आणि ती मिळत नाही. पहाऱ्यावरच्या सैनिकाची अवस्था हीच.

लिहिताना प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी द्या: पानावर नेमके काय आहे, ते श्वासाला किंवा कानाला काय करते, आणि त्यातून कोणत्या जातीची भीती कळते. 250 शब्दांच्या उत्तरात असे तीन मुद्दे पुरतात. सात अलंकारांची यादी दिली तर एकही नीट उलगडत नाही. ‘कवीने उपमेद्वारे भीती प्रभावीपणे व्यक्त केली आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेला चिकटते, म्हणून खोडा. त्याऐवजी असे लिहा: ‘“ड्राउनिंग”चे यमक “ड्राउनिंग”शीच जुळवून ओवेन निवेदकाला त्या एका क्षणात अडकवतो. भीती आता गॅसची उरलेली नाही, झोपेची झाली आहे.’