ठाण्यात ॲडमिट होताना: आधी सरकारी योजना की मेडिक्लेम?

योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आजारपण यायच्या आधीच तपासा. घोडं अडतं ते बहुधा इथेच.

अँजिओप्लास्टीसारखा ठरलेला उपचार असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण, हप्ता नाही, जुन्या आजारासाठी थांबणं नाही. हॉस्पिटल योजनेत आहे का, उपचार यादीत आहे का, हे 155388 वर विचारा आणि थेट आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाचं) टेबल गाठा. ‘नंतर बघू’ म्हणून आधी पैसे भरलेत, तर ते परत मिळवणं कर्मकठीण. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.

मेडिक्लेमचा खरा फायदा म्हणजे घोडबंदर रोडवरचं हवं ते हॉस्पिटल निवडता येतं. मात्र खोलीभाड्याची अट वाचा. 5 लाखांच्या पॉलिसीत 1 टक्क्याची मर्यादा असेल तर दिवसाला 5,000. खोली 8,000ची घेतलीत, तर बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं: डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरेंच्या 1,60,000 रुपयांतले लाखच मिळतील. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. आणि पॉलिसीचा फॉर्म भरताना शुगर-बीपी लपवू नका.